इथेनॉल आपले, गाडीही आपली. मग इंजेक्टरकडे बघायचे कोणी?



ठिबकाचा ड्रीपर तुंबला तर काय करायचे, हे आपल्या भागातल्या शाळकरी पोराला विचारले तरी तो सांगेल. आधी फिल्टर उघडून धुवायचा. मग नळीचे टोक सोडून गाळ काढायचा. तरी पाणी पडेना तर आम्ल सोडायचे. आणि एवढे करूनही ड्रीपर मेलेलाच निघाला, तर मग नवा टोचायचा. ड्रीपर तुंबला म्हणून कोणी मोटर बदलत नाही की विहीर बुजवत नाही. हे शहाणपण रानात आपल्याजवळ भरपूर आहे. दारातल्या जुन्या गाडीपाशी आलो की मात्र ते आपण कुठे गुंडाळून ठेवतो, देव जाणे.

कारखान्याच्या पत्रिकेत गाडीचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला दोन कारणे आहेत. पहिले, डाव्या कालव्याच्या या पट्ट्यात आज वस्तीवस्तीवर एक तरी जुनी चारचाकी उभी आहे. ती चैनीची राहिलेली नाही. दवाखाना, बँक, बाजार, लग्नकार्य, सगळे तिच्यावर चालते. दुसरे कारण जास्त जवळचे आहे. त्या गाडीत आपण जे पेट्रोल भरतो त्यात आज पाचवा हिस्सा इथेनॉल असते. त्यातले काही मका आणि तांदळाचे असते हे खरे, पण काही आपल्या उसाचेही असते. म्हणजे गाडी आपली आणि तिच्या पोटात जाणारा मालही थोडाफार आपलाच. अशा वेळी पारावर बसून "इथेनॉलनं गाड्यांची वाट लावली" असे म्हणणारा सभासद आणि "काही होत नाही, सगळी अफवा आहे" असे म्हणणारा सभासद, दोघेही अर्धवट बोलतात असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे आधी माझ्या घरच्या फजितीवरून सांगतो.

दहा हजारांचे शहाणपण

आमच्या दारात २००५ सालची मारुती ८०० आहे. दुसऱ्या हाताची घेतलेली. हंगामात आमचा जीव तोडणी-वाहतुकीत अडकलेला, त्यामुळे गाडी महिना महिना पत्र्याच्या कडेला उभी असते. गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेदहाच्या सुमारास मुलीला बाळंतपणासाठी बारामतीला न्यायचे निघाले. भवानीनगर ओलांडले आणि गाडी खोकायला लागली. रेस दिली की घुसमटायची, सोडली की बंद पडायची. काटेवाडीच्या अलीकडे ती जी थांबली ती थांबलीच. मागून एक दुधाचा टेम्पो आला, त्या भल्या माणसाने पुढच्या सीटवर मुलीला घेतले म्हणून वेळ निभावली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण त्या अर्ध्या तासात रस्त्याच्या कडेला उभे राहून माझ्या पोटात जो गोळा आला होता, तो अजून आठवतो. जुनी गाडी वेळेवर बघितली नाही तर ती नेमकी अशाच वेळी धोका देते.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून एका गॅरेजला नेली. नाव घेत नाही, कारण चूक जितकी त्यांची तितकीच माझीही होती. त्यांनी बॉनेट उघडले, सेल्फ मारला, वास घेतला आणि सांगितले, "इथेनॉलनं इंजेक्टर खाल्ले. तिन्ही बदला, पंप पण बदला." मी मान हलवली. दहा हजारांच्या आसपास बिल झाले. आठ दिवस गाडी चांगली चालली. नवव्या दिवशी पाऊस झाला आणि दहाव्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

तेव्हा मला आमच्या भावकीतले आप्पा आठवले. आप्पा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी इंजिनला हातही लावला नाही. टाकीच्या तळातले पेट्रोल काचेच्या बरणीत काढले आणि बरणी सावलीत ठेवून दिली. थोड्या वेळाने बघतो तर बरणीत दोन थर. वर पेट्रोल, खाली गढूळ पाण्यासारखे काहीतरी. मग त्यांनी टाकीचे झाकण माझ्या हातात दिले. झाकणाच्या रबराला बोट जाईल एवढी चीर होती. पावसाचे पाणी तिथून टाकीत उतरत होते.

"आरं, पोट बिघडलंय गाडीचं," आप्पा म्हणाले, "आणि तू दात काढून बसलास!"

जुने इंजेक्टर मी गॅरेजमधून मागून आणले होते, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले. पुण्याला ते मशीनवर तपासून घेतले. दोन चांगले होते. तिसरा थोडा कमी टाकत होता, धुतल्यावर तोही बरोबरीला आला. म्हणजे साठ-सत्तर रुपयांच्या रबरापायी मी दहा हजार घालवले. तेव्हापासून एक नेम केला आहे. गॅरेजला बदललेला प्रत्येक जुना भाग मागून घ्यायचा. तो आपल्या पैशाचा असतो आणि पुष्कळदा खरी गोष्ट तोच सांगतो.

तीन सिलिंडर, तीन ड्रीपर

इंजेक्टर म्हणजे काय हे नीट समजून घेतले तर फसायची भीती निम्मी कमी होते. पेट्रोलच्या गाडीतला इंजेक्टर म्हणजे विजेवर चालणारा ड्रीपरच. टाकीतला पंप साधारण अडीच-तीन बार दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. इंजेक्टरच्या आत तारेची गुंडाळी असते. तिला वीज मिळाली की आतली सुई किंचित उचलते आणि पेट्रोलचा बारीक फवारा उडतो. वीज गेली की सुई बसते. हे सगळे सेकंदाच्या काही हजाराव्या भागात होते आणि मिनिटाला शेकडो वेळा होते. फवारा किती वेळ सोडायचा हे गाडीतला छोटा कॉम्प्युटर ठरवतो.

आता औषध फवारणीचा पंप डोळ्यांपुढे आणा. नोझल स्वच्छ असले की धुके पडते, कचरा अडकला की एका बाजूने धार लागते. इंजिनातही तसेच. धुके पडले तर पेट्रोल पूर्ण जळते. धार लागली तर अर्धवट जळते, प्लग काळा होतो, अॅव्हरेज पडते आणि गाडी मिसिंग मारते. सुई नीट बसली नाही तर बंद गाडीतही थेंब गळतो. मग सकाळी सेल्फ खूप मारावा लागतो आणि पेट्रोलचा वास येतो.

नोझल घाण कशाने होते? इंजिन बंद केल्यावर टोकाशी राहिलेले पेट्रोल उष्णतेने वाळते आणि तिथे काजळीचा थर बसतो. थोडे थोडे चालवून बंद करायची सवय असेल तर हा थर लवकर चढतो. गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर पेट्रोल शिळे होऊन चिकट होते. जुन्या टाकीचा गंज आणि गाळ फिल्टरपर्यंत येतो आणि फिल्टर वेळेवर बदलला नसेल तर पुढे जातो. कारखान्यात रस आटवायच्या नळ्यांवर थर बसतो तसाच हा प्रकार आहे. तिथे नळ्या घासल्या नाहीत तर वाफ जास्त लागते. इथे नोझल धुतले नाही तर पेट्रोल जास्त लागते.

दोष किती आणि बदनामी किती?

आता इथेनॉलकडे येतो. यात आपण सभासदांनी प्रामाणिक राहिले पाहिजे.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचे प्रयोग देशात २००१ साली सुरू झाले. तीन ठिकाणी झाले, त्यांतली मिरज आणि मनमाड ही दोन आपल्या महाराष्ट्रातली. २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण आले. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपांवर विकायला सुरुवात झाली आणि २०३० साठी ठरवलेले २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठले गेले. यात ऊस उत्पादकाचा फायदा झाला हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. २०२४-२५ च्या वर्षासाठी उसाच्या रसापासून केलेल्या इथेनॉलला लिटरला ६५ रुपये ६१ पैसे, बी हेवी मळीपासूनच्या इथेनॉलला ६० रुपये ७३ पैसे आणि सी हेवीच्या इथेनॉलला ५७ रुपये ९७ पैसे दर ठरला होता. नुसती साखर पोत्यात भरून गिऱ्हाइकाची वाट बघायचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या पैशाचे मोल सांगायला नको.

पण नाण्याची दुसरी बाजूही आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश उष्णता असते. हिशेब सोपा आहे. शुद्ध पेट्रोलची ताकद १०० धरली, तर १० टक्के मिश्रणाची साधारण ९६ ते ९७ होते आणि २० टक्के मिश्रणाची ९३ च्या आसपास. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या बांधणीच्या चारचाकींचे अॅव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी आणि दुचाकींचे ३ ते ४ टक्क्यांनी कमी होईल असा अंदाज होता. तेव्हा "काहीच फरक पडत नाही" हे म्हणणे खोटे आहे.

पण "सगळा फरक इथेनॉलनेच पडला" हेही तितकेच खोटे आहे. समजा तुमची गाडी १० टक्के मिश्रणावर लिटरला १६ किलोमीटर जात होती. २० टक्क्यांवर ती साडेपंधराच्या जवळपास यायला पाहिजे. ती ११ वर आली असेल तर ३० टक्के घट झाली. यातले तीन-चार टक्के इथेनॉलचे, बाकीचे आपल्या हलगर्जीपणाचे. तुंबलेला फिल्टर, झिजलेले प्लग, कमी हवेचे टायर, धरणारा ब्रेक आणि कधी न धुतलेला इंजेक्टर, यांचे पाप इथेनॉलच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही.

जुन्या गाडीत इथेनॉल नेमके काय करते तेही सांगतो. एक, टाकीत आणि नळ्यांत वर्षानुवर्षे बसलेला चिकट थर ते सोडवते. हा सुटलेला गाळ फिल्टरवर येतो. दोन, ते ओल धरते. थोडी ओल ते पोटात घेते, पण पावसाचे पाणी टाकीत उतरले तर इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाला बसते. माझ्या बरणीत दिसले ते हेच. पंप नेमका तळातूनच ओढतो. तीन, काही जुन्या रबरांना ते मानवत नाही. रबर फुगते, कडक होते, चिरते. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने स्वतःच म्हटले की काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतील. चार, इथेनॉल जळायला हवा कमी लागते, म्हणून तेवढ्याच हवेला मिश्रण जास्त सोडावे लागते. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवून ही तूट भरून काढते. पण इंजेक्टर आधीच तुंबलेला असेल तर तो जास्त देणार कोठून? म्हणून स्वच्छ इंजेक्टर असलेली जुनी गाडी हे पेट्रोल निभावून नेते आणि घाण इंजेक्टरची गाडी रस्त्यात बसते.

आधी स्वस्त, मग महाग

माझ्या अनुभवातून आणि आप्पांच्या शिकवणीतून हा क्रम ठरला आहे. तो कातरून गाडीत ठेवला तरी हरकत नाही.

पहिल्यांदा टाकीचे झाकण आणि त्याचे रबर बघावे. मग पेट्रोलचा फिल्टर. तो कधी बदलला हे आठवत नसेल तर बदलायची वेळ होऊन गेली आहे असे समजावे. मग हवेचा फिल्टर, प्लग आणि प्लगच्या वायरी. त्यानंतर पंपाचा दाब मीटर लावून बघायला सांगावे, नुसत्या अंदाजाने पंप बदलू देऊ नये.

हे सगळे ठीक असूनही मिसिंग राहिले तर इंजेक्टरकडे वळावे. इंजिन चालू असताना लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावली की टिकटिक ऐकू येते. धोतर, पदर, बाही पंख्याच्या पट्ट्याजवळ जाऊ देऊ नये. जो टिकटिकत नाही त्याच्याकडे वीज पोचते का बघावे. मीटरवर बहुतेक जुन्या पेट्रोल गाड्यांच्या इंजेक्टरचा रोध १२ ते १६ ओहमच्या आसपास भरतो. मग एकेका इंजेक्टरची वायरची टोपी काढून बघावी. टोपी काढल्यावर इंजिनचा आवाज पडला तर ते सिलिंडर काम करत होते. काहीच फरक पडला नाही तर तेच आजारी. सगळ्यात खात्रीची परीक्षा म्हणजे संशयातला इंजेक्टर शेजारच्या सिलिंडरला लावायचा. मिसिंग त्याच्याबरोबर सरकले तर दोष इंजेक्टरचा. जागेवरच राहिले तर दोष दुसरीकडे.

दोष इंजेक्टरचाच ठरला तरी लगेच नवा घेऊ नये. आधी धुवावा. टाकीत ओतायच्या औषधाच्या बाटल्या मिळतात. हलक्या काजळीवर त्यांचा थोडा उपयोग होतो, मेलेला इंजेक्टर त्याने जिवंत होत नाही. खरी धुलाई इंजेक्टर काढून, द्रवात कंप देणाऱ्या मशीनवर होते. नंतर सगळे इंजेक्टर एका रांगेत लावून प्रत्येकाखाली काचेची नळी धरतात. फवारा कसा पडतो, ठराविक वेळात प्रत्येक नळी किती भरते आणि बंद केल्यावर थेंब गळतो का, हे डोळ्यांनी दिसते. आपण समोर उभे राहून बघावे. वजनकाट्यावर आपण उभे राहतोच ना? मग इथे का लाजायचे? नोझलच्या भोकात सुई किंवा तार मात्र कोणी घालू नये. फवारणीच्या पंपाचे भोक तारेने मोठे केले तर औषध वाया जाते, इथे इंजिन वाया जाते.

बदलायचाच झाला तर

धुऊनही फवारा सुधारला नाही, गळती थांबली नाही किंवा आतली तार तुटली असेल तर बदलण्याशिवाय गत्यंतर नाही. जुन्या इंजेक्टरवरचा नंबर वाचून त्याच नंबरचा घ्यावा. दिसायला सारखे दोन इंजेक्टर पेट्रोल मात्र वेगवेगळे सोडू शकतात. मोटारींच्या बाजारात नकली मालाचा सुळसुळाट आहे. खोके बघून फसू नका, पक्की पावती घ्या. एकच बदलला असेल तर तो बाकीच्यांबरोबर मशीनवर लावून सगळे सारखे सोडतात का बघून घ्यावे. चार बैलांत एकच नवा जोमाचा असला तर नांगर सरळ चालत नाही.

काम करताना इंजिन थंड असावे. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे नळीतला दाब उतरतो. मग बॅटरीची वायर काढावी. आसपास बिडी-काडी नको. ओ-रिंग प्रत्येक वेळी नव्याच घालाव्यात आणि त्या इथेनॉलला टिकणाऱ्या आहेत ना हे विचारून घ्यावे. बसवताना स्वच्छ ऑइलचे बोट फिरवावे. शेवटी गाडी सुरू करण्याआधी सांध्यांतून कुठे ओल दिसते का हे टॉर्चने बघावे. दहा-वीस रुपयांच्या ओ-रिंगने गाड्या पेटतात, हे विसरू नये.

ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी

काही मंडळी ट्रॅक्टरच्या काळ्या धुरालाही इथेनॉल जबाबदार धरतात. ट्रॅक्टर डिझेलवर चालतो. पेट्रोलमध्ये मिसळतात तसे २० टक्के इथेनॉल डिझेलमध्ये मिसळत नाहीत. तिथला दोष दुसरीकडे शोधा. जुन्या ट्रॅक्टरचे नोझल साधारण २०० बार दाबाला उघडते आणि त्याच्या सुईची फट काही मायक्रॉनची असते. माणसाचा केस त्याहून वीसपट तरी जाड. म्हणून डिझेलमधला न दिसणारा धूळकणही तिला घासून जातो. बॅरल हलवून लगेच डिझेल काढू नये, तळातले काढू नये, गाळल्याशिवाय ओतू नये आणि काचेच्या वाटीतले पाणी रोज सकाळी सोडावे. कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या तासांना नोझल काढून टेस्टरवर तपासावे आणि बसवताना तांब्याचा वायसर नवा घालावा. नाशिकला सातपूर भागात मायकोचा, म्हणजे आताच्या बॉशचा, कारखाना आहे आणि डिझेल इंजेक्शनचे सामान तिथे वर्षानुवर्षे बनत आले आहे. असली वस्तू आपल्याच राज्यात बनत असताना नकली नोझल घालून भरलेली ट्रॉली रस्त्यात बसवायची आणि ऊस वाळवायचा, हा कुठला हिशेब?

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. डिझेलच्या फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये. तो कातडीतून आत शिरतो, जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमवायची वेळ येते. असे झाले तर हळद लावत बसू नका, तडक शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा. आणि नव्या कॉमन रेल गाडीची नळी चालू इंजिनवर सैल करू नका. तिथे दाब हजार बारच्या वर जातो. त्या गाड्यांत नवा इंजेक्टर घातल्यावर बहुतेक वेळा त्याचा कोड कॉम्प्युटरला द्यावा लागतो, ते झाडाखालच्या गॅरेजचे काम नव्हे.

आपली मागणी काय असावी?

आता मुख्य मुद्दा. ब्राझील हा आपल्यासारखाच उसाचा देश. तिथे २००३ पासून कोणतेही मिश्रण चालणाऱ्या गाड्या निघाल्या. ऑगस्ट २०२५ पासून तिथे पेट्रोलमध्ये ३० टक्के इथेनॉल असते आणि पंपावर इथेनॉल वेगळेही मिळते, त्याचा दर वेगळा असतो. गिऱ्हाईक दोन्ही दर बघून ठरवते. आपल्याकडे जुन्या गाडीवाल्याला ना निवड मिळाली, ना दरात सवलत. २० टक्क्यांना टिकणारे सामान असलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासून यायला लागल्या, त्याआधीच्या गाड्या रस्त्यावर आहेतच. जुन्या गाड्यांसाठी वेगळे पेट्रोल मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. म्हणजे तो मार्ग बंद झाला. पण मागणीचे तोंड बंद झालेले नाही.

माझे मत असे की ही मागणी सर्वांत आधी ऊस उत्पादकांनी केली पाहिजे. काही मित्र म्हणतात, "आपल्याच मालाविरुद्ध आपण कशाला बोलायचं?" मी म्हणतो, हे मालाविरुद्ध नाही, मालाच्या अब्रूसाठी आहे. दूध संघाला फॅट कमी लागलेले दूध घालून कोणी फार दिवस गिऱ्हाईक टिकवले आहे का? ७ डिसेंबर २०२३ ला एका आदेशाने उसाच्या रसापासूनचे इथेनॉल बंद झाले आणि ते पुन्हा मोकळे व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडले. धोरण एका रात्रीत फिरते हे आपण सोसले आहे. अशा धंद्यात शहरातला गाडीवाला आपल्या बाजूचा असला पाहिजे. लिटरमागे उष्णता कमी मिळत असेल तर दरही तेवढा कमी असावा, आणि जुन्या गाड्यांसाठी कमी मिश्रणाचे पेट्रोल निदान काही पंपांवर मिळावे. साखर संघांनी हे स्वतः होऊन मांडले तर आपले वजन वाढेल, कमी होणार नाही.

दुसरी मागणी आपल्या स्वतःच्या संस्थेकडे आहे आणि ती आपल्या हातातली आहे. बंद हंगामात सभासदांच्या गाड्या आणि ट्रॅक्टरसाठी चार दिवसांचे तपासणी शिबिर भरवावे. इंजेक्टर धुवायचे मशीन आणि नोझलचा टेस्टर भाड्याने आणता येतो. सभासदाने प्रत्यक्ष खर्च भरावा, फुकट काही नको. फिल्टर, ओ-रिंग आणि नोझल ग्राहक भांडारामार्फत एकगठ्ठा खात्रीच्या ठिकाणाहून आणले तर नकली मालाचा प्रश्नच मिटतो. सहकारी संस्थांच्या पंपांनी जमिनीतल्या टाकीत पाणी नाही ना, याची रोज तपासणी करून नोंद फळ्यावर लिहावी. फिल्टर पेपरची चाचणी आणि ५ लिटरचे माप मागायचा हक्क तर प्रत्येक गिऱ्हाइकाला आहेच, तो आपण बजावावा. शिकाऊ पोरांना या शिबिरात हाताखाली घेतले तर गावाला चार चांगले मेकॅनिकही मिळतील.

कोणी म्हणेल, एवढे करण्यापेक्षा नवी गाडी घ्यावी. ज्याची ऐपत आहे त्याने जरूर घ्यावी. पण ऊसबिलातून कर्जाचा हप्ता कापून जाताना ज्याच्या पोटात कालवाकालव होते, त्याने चांगली जुनी गाडी सांभाळण्यात कसला कमीपणा? खोडव्याची निगा राखली तर तोही लागणीच्या उसाला लाजवतो.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी शिबिराचा ठराव मांडणार आहे. अनुमोदनाला हात वर करणारे सभासद लागतील. आणि सभेला येण्याआधी प्रत्येकाने आपल्या गाडीच्या टाकीचे झाकण काढून त्याचे रबर तेवढे बघून यावे, एवढीच विनंती.

आपला,
एक सभासद, सणसर